उणे सदतीस किलो जिरं

लखनौच्या अमौसीला विमानतळ आहे, हे विमानात बसणाऱ्यांना माहीत असतं. त्याखेरीज अमौसीला कानपूर रोड आहे, रेल्वेचं एक स्टेशन आहे, डोक्यावरून धावणारी मेट्रो आहे, कारखान्यांची वसाहत आहे आणि या सगळ्यांच्या सांदीकोपऱ्यांत बसून मीठ, साबण, जिरं विकणारी दुकानं आहेत. त्यातलं एक आमच्या चुलतभावाचं. आम्ही मूळचे विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात भारतभर पांगली. ज्या शहरात सराफकट्टा आहे, तिथं खानापूर-आटपाडीकडचा एखादा माणूस भट्टीपुढे बसलेला हमखास सापडतो. दादाचे वडील असेच लखनौच्या चौकात येऊन राहिले. दादाला मात्र भट्टीचा धूर सोसेना, म्हणून त्यानं गलाई सोडली आणि अमौसीला येऊन किराणा धरला. धुरातून सुटलो असं त्याला बरीच वर्षं वाटत होतं. मग मुलगा मोठा झाला आणि त्यानं दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर आणलं.

सॉफ्टवेअर घेणं सोपं असतं. पैसे दिले की मिळतं. अवघड असतं ते त्याला दुकान समजावून सांगणं. त्याला आधी यादी लागते. तिला 'आयटम मास्टर' म्हणतात, आणि तिच्यात नाव नसलेली वस्तू, भले ती फळीवर तीन वर्षं बसून धूळ खात असो, संगणकाच्या लेखी जन्मालाच आलेली नसते. एकेका वस्तूसाठी एकेक पान. वस्तूचं नाव, छापायचं छोटं नाव, कोड, बारकोड, कॅटेगरी, सब-कॅटेगरी, ब्रँड, युनिट, दुसरं युनिट, खरेदीचा दर, विक्रीचा दर, घाऊक दर, एमआरपी, एचएसएन, कर, किमान साठा, बॅच, एक्सपायरी, रॅक नंबर. ज्या रकान्यापुढे लाल फुली, तो भरल्याशिवाय सुटका नाही. मुलगी बघायला येणाऱ्यांनी सुद्धा वहिनीला तिच्या वेळी एवढं विचारलं नव्हतं. इथं प्रश्न खडीसाखरेचा होता.

यादी भरली चौघांनी, आणि तिथंच पुढच्या सगळ्या महाभारताची बीजं पडली. मुलानं इंग्रजी अक्षरांत भरली. वहिनीनं मराठीत. उन्नावहून आलेल्या कामाच्या पोरानं हिंदीत. आणि उरलेली यादी घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावरून जशीच्या तशी उतरली, जिथं प्रत्येक शब्दातली निम्मी अक्षरं शाई वाचवण्यासाठी गाळलेली असतात. परिणामी जिरं यादीत सहा जागी गेलं. जिरं, जिरा, जीरा, झीरा, 'जीरा साबुत' आणि 'जीरा नया'. घाऊक बिलावर 'जीरा साबुत' छापलेलं असल्यामुळं पोती त्या नावावर जमा होत. गल्ल्यावर वहिनी 'जिरं' असं टंकत असल्यामुळं विक्री त्या नावावरून वजा होई. काही महिन्यांनी मुलानं साठ्याचा अहवाल काढला, तेव्हा 'जीरा साबुत' एक्केचाळीस किलो शिल्लक होतं आणि 'जिरं' उणे सदतीस किलो.

दादा पोत्यापाशी गेला. पोतं एकच होतं, आणि तळाला जेमतेम चार किलो जिरं होतं.

"उणे सदतीस म्हंजे काय रं?" त्यानं मुलाला विचारलं. "लोकांचं देणं लागतो का आपण?"

मुलानं उपाय केला. सॉफ्टवेअरमध्ये एक खूण असते: साठा शून्याखाली जाऊ द्यायचा की नाही. त्यानं 'नाही' केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गिऱ्हाईक फळीवरचा टूथपेस्टचा खोका उचलून गल्ल्यावर आलं. पोरानं स्कॅन केलं. संगणक म्हणाला, साठा शून्य, बिल होणार नाही.

"बाबूजी, मशीन कह रही है माल है ही नहीं," पोरानं सांगितलं.

"अच्छा?" गिऱ्हाईक म्हणालं. "तो हम ये पकड़े क्या हैं?"

लखनौ असल्यामुळं ते इतकंच म्हणालं. विट्याला याच्यापुढची चर्चा झाली असती.

गल्ला या वस्तूचा जन्मच मुळी अविश्वासातून झालेला आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक मद्यालयाचा मालक होता. नोकर पैसे खिशात घालतात याचा त्याला कंटाळा आला, म्हणून १८७९ साली त्यानं भावाच्या मदतीनं मोजणी करणारा गल्ला तयार केला. पुढं त्याच डेटनमध्ये गल्ले बनवणारी मोठी कंपनी उभी राहिली, आणि तिथून जवळच असलेल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात २६ जून १९७४ रोजी जगातली पहिली बारकोडवाली वस्तू स्कॅन झाली. ती होती च्युइंगमची पाकिटं, किंमत ६७ सेंट. बारकोडाची मूळ कल्पना त्याच्याही पंचवीस वर्षं आधीची. जोसेफ वुडलंड नावाच्या तरुणाला मायामीच्या किनाऱ्यावर बसून वाळूत बोटं ओढताना ती सुचली, असं तो सांगत असे. मोर्सच्या टिंबा-रेघा त्यानं खाली लांबवल्या आणि पट्टे तयार झाले. वाळूत चार बोटं ओढून माणूस उठला आणि गेला. त्या रेघा इकडं आमच्या वहिनीच्या चष्म्याचा नंबर वाढवताहेत.

बारकोडात तेरा आकडे असतात. आपल्याकडच्या बहुतेक मालावर सुरुवात ८९० नं होते. व्हॉट्सअपवर दर दोन महिन्यांनी एक संदेश फिरतो की ८९० म्हणजे स्वदेशी माल, बाकी सगळा परदेशी. तसं काही नसतं. कंपनीनं आकडा भारतातल्या संस्थेकडून घेतला एवढाच त्याचा अर्थ. माल कुठं तयार झाला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दादा हे गिऱ्हाइकांना पटवून द्यायचा प्रयत्न करीत असे. आता करत नाही. शेवटचा तेरावा आकडा आधीच्या बारांवरून हिशेबानं काढलेला असतो, म्हणजे स्कॅनरनं एखादा आकडा चुकीचा वाचला तर बेरीज जुळत नाही आणि तो गप्प राहतो. किराणा दुकानातल्या एकंदर व्यवहारात स्वतःची चूक स्वतः पकडणारी ही एकटीच व्यवस्था.

पण तीही मुलाच्या स्प्रेडशीटपुढं टिकली नाही. एकेक वस्तू भरत बसण्यापेक्षा सगळी यादी स्प्रेडशीटमध्ये करून एका झटक्यात आत ढकलावी, असं त्याला कुणीतरी सुचवलं होतं. स्प्रेडशीटला तेरा आकडी संख्या दिसली की तिला वाटतं हा खगोलशास्त्राचा विषय आहे. ती ८.९ गुणिले दहाचा बारावा घात अशा थाटात संख्या आखडून दाखवते, आणि फाईल तशीच साठवून सॉफ्टवेअरला दिली की मागचे आकडे गेलेच. दुकानातल्या अर्ध्याअधिक मालाला एकच बारकोड मिळाला. साबण स्कॅन केला तर हळद, हळद स्कॅन केली तर हळद, आणि बाळांच्या डायपरवर रेघ मारली तरी हळद. डायपरच्या 'साइझ'च्या रकान्यात किलोचे आकडे '४-८' असे होते. त्याचं स्प्रेडशीटनं ४ ऑगस्ट करून टाकलं. रकान्याचा प्रकार आधी 'टेक्स्ट' असा ठरवला की हे होत नाही, हे ज्ञान मुलाला रात्री अडीचला झालं. असली ज्ञानं त्याच सुमाराला होतात.

बारकोड असलेल्या वस्तू तरी बऱ्या. त्या निदान टीं करतात. खरा गुंता सुट्याचा. आणि अमौसीत सुटं फार खपतं, कारण गिऱ्हाइकांत ट्रकवाले आहेत, कारखान्यातले मजूर आहेत, खोली करून राहणारी एकटी पोरं आहेत. यांतला कुणी "शंभर ग्राम जीरा" असं मागत नाही. तो म्हणतो, "दस का जीरा देना." आता जिऱ्याचा भाव समजा किलोला ३२० असेल तर दहा रुपयांचं जिरं ३१.२५ ग्राम भरतं. संगणकाला ३१.२५ हा आकडा हवा असतो. पोराचा हात तो आकडा न काढता पुडीत बरोब्बर तेवढं जिरं टाकतो, वर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून चार दाणे जास्त. ते चार दाणे टाकायला कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही. वर्षाअखेरीस त्याच दाण्यांची तूट येते आणि मुलगा त्याला 'श्रिंकेज' म्हणतो. दादा त्याला रीत म्हणतो.

मोठ्या मॉलांनी यावर तोडगा काढलेला आहे. वजनकाट्यालाच प्रिंटर जोडतात आणि पिशवीवर २ नं सुरू होणारा बारकोड चिकटवतात. तो दुकानाचा घरगुती कोड, त्यातच वस्तू आणि वजन दोन्ही भरलेलं. दादानंही तसा काटा आणला. पण लेबलाचा कागद, चिकटवणं आणि स्कॅन हे सगळं दहाच्या जिऱ्यासाठी करायचं म्हटल्यावर मागं रांग लागली आणि रांगेतला पहिला म्हणाला, "चाचा, आप कॉपी में ही लिख लिया करिए." काट्यावर हल्ली वहिनी राख्या आणि कंदिलांच्या पिशव्या ठेवते.

युनिटचं म्हणाल तर शांपूच्या पुड्या पेटीनं येतात, लडीनं टांगल्या जातात आणि एकेक करून फाडून विकल्या जातात. पेटीत किती लडी, लडीत किती पुड्या हे गणित सॉफ्टवेअरला आधी सांगायचं असतं. ते न सांगता पेटी चढवली, तर ९६० पुड्यांची एक पेटी घेऊन ९६० विकल्यावर साठा उणे ९५९ दिसतो. दादाच्या दुकानात एकेकाळी उणे आकड्यांची बेरीज दुकानाच्या किमतीपेक्षा मोठी झाली होती. योजनांचं तर सांगायलाच नको. दोन साबणांवर एक फुकट, पावडरीवर बादली फुकट. बादली यादीत चढवायची तर किंमत शून्य लागते, आणि शून्य किमतीची वस्तू विकू की नको असं संगणक दर वेळी विचारतो.

एवढं सगळं कसंबसं मार्गी लागलं तोवर सप्टेंबर २०२५ आला.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला तेव्हा दादाकडं वही होती, म्हणून त्यानं तो धक्का फारसा न लागता सोसला होता. या खेपेला संगणक होता. ३ सप्टेंबरच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलनं ठरवलं की ५, १२, १८ आणि २८ ही चवड मोडायची, मुख्यतः ५ आणि १८ ठेवायचे, आणि हे २२ तारखेपासून. २२ ला घटस्थापना. म्हणजे दर बदलायची रात्र नेमकी सर्वपित्री अमावास्येची. दिवसा पितरांना जेवू घातलं आणि रात्री शटर अर्धं ओढून सगळं घर याद्या घेऊन बसलं. मुलाचं म्हणणं, एका फटक्यात होईल, १२ वाले सगळे ५ करू. पण १२ मधलं तूप ५ वर आलं आणि १२ मधल्या वह्या शून्यावर गेल्या. १८ मधला आंघोळीचा साबण, शांपू, टूथपेस्ट, बिस्किटं ५ वर आली, धुण्याची पावडर १८ मध्येच राहिली. ५ मधलं पाकीटबंद पनीर शून्यावर. म्हणजे एकेक वस्तू हातात घेऊन बघण्याला पर्याय नाही. वहिनी वर्तमानपत्रातून वाचायची, पोरगा फळीवरून वस्तू काढून दाखवायचा, मुलगा बटणं दाबायचा आणि दादा मधूनच म्हणायचा, "काजळ काय केलंस?" डबीतल्या काजळाला कर नाही, पेन्सिलीतल्या काजळाला आहे. दादाच्या दुकानात दोन्ही एकाच बरणीत होती.

वस्तूच्या पानावर एक बारीकशी खूण असते: लिहिलेला दर करासहित की कराविना. एमआरपीत कर धरलेलाच असतो, म्हणून ती 'करासहित' हवी. त्या रात्रीच्या झोपेत काही ठिकाणी ती उलटी पडली. सकाळी घट बसले, आरती झाली, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला शंभराची धुण्याची पावडर ११८ ला लागली. सगळ्या देशात स्वस्ताई सुरू झाल्याच्या दिवशी अमौसीतल्या एका दुकानात महागाई झाली होती. गिऱ्हाइकानं एमआरपीवर बोट ठेवलं. दादानं हात जोडले, वरचे अठरा परत दिले आणि मुलाकडं बघितलं. मुलगा देवीकडं बघत होता.

त्यात पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यांच्या किमती काही दिवस साडेचारच्या आसपासच्या अडनिड्या आकड्यांवर आल्या होत्या. जुना पुडा आणि नवा पुडा, बारकोड तोच, एमआरपी वेगळी. स्कॅन केलं की पडदा विचारतो: कोणता? पोरगा मोठा तयार. तो दर वेळी वरचा दाबायचा, कारण खालच्यापर्यंत जायला एक बटण जास्त दाबावं लागतं. आणि सुटे पैसे कुणाकडंच नव्हते. दहा वर्षांपूर्वी गल्ल्यातून हद्दपार झालेली रावळगावची गोळी पुन्हा चलनात आणावी, असा एक विचार दादानं बोलून दाखवला. मुलानं विचारलं, तिचा आयटम कुठला धरू?

कुठली वस्तू कशात धरायची हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला कौन्सिल बसलं तेव्हा मक्याच्या लाह्यांचा खुलासा करावा लागला होता. मीठ-मसाल्याच्या सुट्या लाह्यांना ५, त्याच पाकीटबंद असतील तर १२, आणि साखरेच्या पाकातल्या असतील तर १८, कारण मग त्या मिठाईत गेल्या. जगभरच्या मालाचे हे जे एचएसएन आकडे आहेत ते ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, १९८८ पासून चालू असलेले. घोड्यापासून जहाजापर्यंत सगळं जग त्यांनी प्रकरणांत बसवलं आहे. पाव, केक, बिस्किटं आणि आपला पापड एकाच १९०५ च्या छपराखाली राहतात. ज्यानं कुणी पापडाला केकशेजारी बसवलं त्यानं बहुधा दोन्ही भाजलेले पाहिले असावेत, खाल्लेले नसावेत.

आणि हे वर्गीकरणाचं दुखणं लखनौला नवं नाही, शिवाय ते इथं एका मराठी माणसानंच मुक्कामाला आणून ठेवलेलं आहे. पंडित भातखंडे मुंबईचे वकील. देशभर हिंडून, उस्तादांची मनधरणी करून त्यांनी चिजा गोळा केल्या आणि हिंदुस्थानी संगीतातले सगळे राग दहा थाटांत लावून दिले. १९२६ साली लखनौला त्यांच्या पुढाकारानं मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज कैसरबागेत त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. दहा कॅटेगऱ्यांत सगळं दुकान बसवणं सोपं नव्हतं. ललत रागात दोन्ही मध्यम, तो कुठंच नीट बसेना, शेवटी त्यांनी त्याला मारव्यात ठेवला. त्यावर गवई अजून भांडतात, पण निदान ललत सापडतो तरी.

आमच्या दुकानातला ललत म्हणजे मेतकूट. लखनौतल्या मराठी घरांसाठी दादा ते गावाकडून मागवतो, कुणी ना कुणी पुष्पक एक्स्प्रेसनं घेऊन येतं. मेतकूट पिठात टाकायचं, मसाल्यात, डाळीत की खाऊच्या पदार्थात? मुलानं पिठात टाकलं, म्हणून ते आट्याशेजारी गेलं आणि पोरानं एका बाईंना सांगितलं की इसकी रोटी अच्छी बनती है. त्या बाई परत आल्या नाहीत. वहिनीनं ते मसाल्यात हलवलं. दादाचं मत, ते औषधात टाकावं, कारण आपल्याकडं आजाऱ्यालाच देतात.

या सगळ्या सुबक यादीच्या शेवटी एक वस्तू असते. तिचं नाव 'इतर'. संध्याकाळी कारखाने सुटतात, गल्ल्यावर गर्दी होते, वस्तू यादीत सापडत नाही, सापडली तर बारकोड लागत नाही, लागला तर साठा नाही म्हणतो. अशा वेळी पोरगा 'इतर' दाबतो, किंमत टंकतो आणि पैसे घेतो. नारळ 'इतर', मेतकूट 'इतर', दहाचं जिरं तर कधीपासूनच 'इतर'. मार्चअखेर मुलानं अहवाल काढला, तेव्हा दुकानात सर्वांत जास्त खपणारी वस्तू 'इतर' निघाली. मुलाला वाईट वाटलं. दादाला नाही. त्याच्या मते दुकानाचा खरा आयटम मास्टर तो उन्नावचा पोरगा आहे. त्याला कुठं काय ठेवलंय, काय संपत आलंय, कोणाला उधार द्यायचं आणि कोणाला नाही हे सगळं पाठ आहे. दिवाळीला तो गावी गेला की सॉफ्टवेअर नीट चालू असतं आणि दुकान बंद पडतं.

कराच्या सल्लागारानं त्या 'इतर'वर बोट ठेवलं. "भाई साहब, ये कौन सा माल है? एचएसएन बताइए." ब्रुसेल्सवाल्यांच्या यादीत ९७ प्रकरणं आहेत आणि त्यातलं ७७ वं पुढं कधी लागेल म्हणून रिकामं सोडलेलं आहे, हे मुलानं दादाला कधीतरी सांगितलं होतं. दादानं ते नेमकं लक्षात ठेवलं होतं.

"सतहत्तर लिखिए," तो म्हणाला. "वहाँ जगह ख़ाली है."

तुमच्याकडंही हे सॉफ्टवेअर विकायला माणूस येईल. तो खिशातून बिस्किटाचा पुडा काढेल, स्कॅनर धरेल, टीं वाजवेल आणि तुमच्याकडं बघून हसेल. पुड्याला भुलू नका. त्याला खुर्ची द्या, चहा द्या, आणि दहाचं जिरं मागा.